खाजणाची सुनावणी

प्रिय मृणाली,

फोनवर तू घाईत असतेस आणि तुझे बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहिते आहे. अंजूरला आता आपलं घर आणि खाडी यांच्यामध्ये गोदामांची रांग उभी आहे. होडी उलटी घालून ठेवली, तरी बाबा रोज वळसा घालून काठावर जातात.

तू शाळेत होतीस तेव्हा भिवंडीच्या डाईंगचं, कापड रंगवायच्या कारखान्याचं, पाणी खाडीत उतरायला लागलं. एक दिवस लाल, एक दिवस निळं. तुमच्या पर्यावरण खात्याचा पहिला माणूस तेव्हा जीपमधून आला आणि बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. बाबा त्याला म्हणाले, "सायब, वास बी न्या थोडा." सगळे हसले. तो पुन्हा आला नाही. पुढे खात्याचं नाव बदललं, पर्यावरणाला ऊर्जा जोडली, नवे साहेब आले, त्यांनीही बाटल्या भरल्या. मग तूच त्या खात्यात लागलीस. बाबांनी अख्ख्या आळीला जेवण घातलं. "आता आपलं मानूस आत हाय," म्हणत होते.

तू ते डाईंग बंद केलंस तेव्हा रंगूबाई दारात येऊन रडली. तिच्या मुलाचं काम गेलं होतं. मी तिला चहा दिला. पण पाणी निवळलं. बाबांनी होडी काढली, जाळं टाकून बोयटं आणली. खरं सांगते, कालवणाला रॉकेलचा वास येत होता, तरी त्यांनी ताट पुसून खाल्लं. मग कोर्टाची स्थगिती आली, डाईंग सुरू झालं आणि तुला खात्यातच ऊर्जेच्या बाजूला बसवलं. तेव्हापासून त्यांनी तुझ्या नोकरीबद्दल मला एक शब्द विचारलेला नाही.

परवा ग्रामपंचायतीत सांगितलं, गोदामांना वीज पुरत नाही, म्हणून उरलेल्या खाजणात, भरतीचं पाणी चढतं त्या जमिनीवर, भराव टाकून वीज उपकेंद्र होणार. सुनावणी शाळेत आहे आणि खात्याकडून तू येणार, हेही तिथेच कळलं. सगळे बाबांकडे बघायला लागले. शेजारच्या धनेशने तर विचारलंच, "काका, तुमी बोलनार का?" बाबा उठून घरी आले.

काल तू म्हणालीस, वडील त्याच गावातले आहेत म्हणून दुसरा अधिकारी पाठवायला सांगते. नियमाला धरूनच असेल. पण तसं करू नकोस, एवढ्यासाठी हे लिहिलं. सुनावणीत बोलायला बाबा पहिले उभे राहणार आहेत. भराव पडणारच, मंजुरीवर तुझीच सही होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मी म्हटलं, मग पोरीला चारचौघांत कशाला अवघडवता? तर म्हणाले, "दुसरा सायब घड्याल बघंल. माझी पोर शेवटपरयंत आयकंल."

तुझीच,
आई