विकासभावजींचा पंखा

फणसवाडी, गिरगाव
१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मेघना हिस दुर्गामावशीचे अनेक आशीर्वाद.

कान गेल्यापासून फोन माझ्या कामाचा राहिला नाही. जगात काय चाललंय ते मला लोकांच्या तोंडून कळतं, तेही ओरडून. काल शेजारच्या राधाने सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या कानात सांगितलं, की तुमच्या भाचीचा ट्रक लालबागच्या पुलाखाली वाफा सोडत उभा होता आणि भाची बॉनेटवर चढून लोकांना शिव्या देत होती. शिव्यांचं मला काही वाटलं नाही, त्या तुला आईकडून आल्यात. पण मोदकपात्र रस्त्यावर मांडून बसल्यासारखी भर नाक्यात उभी राहिलीस, त्याला काय म्हणावं?

जावईबापूंची, राजेशरावांची नजर अधू झाली, त्यांचं गाडी चालवणं सुटलं, तेव्हाच मी सांगितलं होतं, की तो ट्रक विकून टाक आणि पोळीभाजी केंद्र काढ. तू जड वाहनाचं लायसन काढलंस आणि मला पेढे आणून दिलेस. मी पेढा खाल्ला म्हणजे मला पटलं, असं समजू नकोस.

आता गणपती तोंडावर आलेत. परळच्या कारखान्यातून आपल्या गावच्या मूर्ती दर वर्षी तूच नेतेस. यंदा काय बाप्पांना एसटीची तिकिटं काढून देणार आहेस? लगेच लिही. जावईबापूंना आशीर्वाद सांग. कान गेले तरी लोभ अजून शाबूत आहे.

तुझी,
दुर्गामावशी

---

भोईवाडा, परळ
५ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस मेघनाचा सा. न. वि. वि.

राधाकाकूंना सांग, मी बॉनेटवर नव्हते, बंपरवर होते. बातमी द्यायची तर नीट द्यावी.

झालं असं, की रेडिएटरमागचा पंखा तुटला. तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. गाडी इतकी जुनी, की तो आता नवा मिळत नाही, आणि जुन्या बाजारात मिळाला तो आपल्यापेक्षा मोडका. मी हताश होऊन बसले होते, तोच माझे दीर विकासभावजी देवासारखे धावून आले. हे वाचून तुला ठसका लागला असेल. मलाही लागला होता.

त्यांनी मोबाईलवरून बॅटरीवर चालणारा पंखा मागवला. इतका स्वस्त, की पंखा महाग की खोका, असा प्रश्न पडावा. आकार ढोकळ्याच्या ताटाएवढा. मुळात कुठल्या तरी छोट्या मोटारीचा असणार. रविवारी भावजींनी हातमोजे घातले, कपाळाला भर दुपारी दिवा बांधला आणि मोबाईलमधल्या माणसाचं ऐकत तो बसवला. मला जवळ येऊ दिलं नाही. वहिनी, हे वायरिंगचं काम आहे, असं म्हणाले. जन्मभर फोर्टातल्या विमा कचेरीत खुर्ची गरम केलेला माणूस मला वायरिंग शिकवतो! सगळी चाळ गॅलरीत उभी राहून बघत होती.

पण खोटं कशाला बोलू? पंखा चालला. परळच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकले, तरी काटा वर गेला नाही. त्यामुळे भावजी असे शेफारलेत, की जिन्यातून उतरतानाही कुणाला तरी पंख्याचं सांगत असतात.

ह्या उपकारामागचं कारण काल कळलं. गणपती झाले की त्यांना ट्रक विकायचाय, आणि चालती गाडी बरी जाते. आमची मनवा, म्हणजे त्यांची मुलगी, तिला स्थळं येताहेत. पाहुण्यांसमोर काकू ट्रकमधून उतरते याची त्यांना लाज वाटते. हे नुसते ऐकून घेतात, हो नाही की नाही नाही. मला त्याचाच जास्त राग येतो.

तब्येतीला जप. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझी,
मेघना

---

भोईवाडा, परळ
९ ऑगस्ट २०२५

ती. श्रीमती दुर्गामावशी यांस विकासचा स. न. वि. वि.

आपणास ऐकू येत नसल्याने सदर पत्र ऑफिसात टाईप करून पाठवत आहे.

आपल्याला कळले असेलच, की ट्रकच्या गंभीर समस्येवर मी आधुनिक पद्धतीने तोडगा काढला आहे. मेकॅनिक लोक अज्ञानी असतात व ग्राहकास घाबरवतात. थोडे वाचन केले तर कोणतेही तंत्र अवघड नाही. वहिनींना मी हे समजावले, परंतु त्यांचा स्वभाव आपण जाणताच.

विषय असा, की बाईमाणसाने या वयात अवजड वाहन हाकणे कुटुंबाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही. दादा भिडस्त आहे. आपण वडीलधाऱ्या आहात व ट्रक विकावा हे आपले मूळचेच मत आहे, असे समजते. तरी वहिनींना दोन शब्द लिहावेत. मूर्ती घेऊन ट्रक गावी जाईल तेव्हा मी स्वतः सोबत जाणार आहे, म्हणजे आपण निश्चिंत राहावे.

आपला आशीर्वाद पाठीशी राहावा, ही प्रार्थना.

आपला नम्र,
विकास

---

फणसवाडी, गिरगाव
१२ ऑगस्ट २०२५

चि. विकास यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मला ऐकू येत नाही म्हणून तू टाईप केलंस, हे वाचून बरं वाटलं. डोळे गेले की तबला वाजवून पाठव.

ट्रक विकावा असं मी म्हणते, हे खरं. पण मी म्हणते ते रात्री मला झोप लागत नाही म्हणून. तू म्हणतोस ते पाहुण्यांना लाज वाटेल म्हणून. दोन्ही एकाच टोपलीत घालू नकोस. तुझ्या दादाचे डोळे अधू झाल्यापासून त्या घरात चूल पेटते ती तुझ्या प्रतिष्ठेवर नव्हे.

तू सोबत जाणार म्हणून मी निश्चिंत व्हावं, असं लिहिलंयस. मी देवाला वेगळा नारळ बोलले आहे.

मनवाला पापा. तिचं चांगलं होवो, ती तुझ्यावर गेली नाही.

दुर्गामावशी

---

सावर्डे, ता. चिपळूण
२१ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस मेघनाचा सा. न. वि. वि.

मूर्ती सुखरूप पोचल्या. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

मूर्ती सगळ्या शाडूच्या, म्हणजे वजन भरपूर. पेंढ्यात नीट बसवून पहाटे निघालो. शेजारी विकासभावजी, त्यांच्या मांडीवर माझा डबा. पनवेल सोडलं, रस्ता मोकळा झाला, तसा काटा वर सरकायला लागला. शहराच्या गर्दीत गाडी थंड आणि मोकळ्या रस्त्यावर गरम, हे मला काही पटेना. भावजींना म्हटलं, पंखा बघू या. ते म्हणाले, पंखा नवा आहे, काटा म्हातारा झालाय. आणि डोळे मिटून घेतले. मी थांबत थांबत, पाणी घालत भरणे नाक्यापर्यंत आणली.

पुढे भोस्ते घाट. पावसाने उघडीप दिलेली, ऊन रणरणतं. दोन वळणं चढलो आणि भस्सकन वाफ उठली, समोरचं काही दिसेना. कडेला घेतली, चाकांना दगड लावले. वळून बघते तर भावजी पिशवी खांद्याला लावून रस्त्याच्या मध्यात, येणाऱ्या एसटीला हात करतायत. पुढच्या लोटे गावाहून मदत पाठवतो, म्हणाले. चढताना डबाही घेऊन गेले.

मदत आली नाही, ते तुला वेगळं सांगायला नको.

मावशी, मी रडले. मागे सगळ्या गावाचे गणपती, एकाही मूर्तीला तडा गेला तर लोकांना काय तोंड दाखवणार? शेजारून जाणारे मोटारवाले काचा खाली करून बघायचे, बाई आहे असं दिसलं की हसून पुढे जायचे. त्या हसण्यानेच बहुधा माझे डोळे कोरडे झाले.

इंजिन निवल्यावर परत चालू केलं, पंखा फिरतो तरी का ते बघायला. फिरत होता. जाळीसमोर उभी राहिले, तर गरम हवेचा झोत तोंडावर आला. अगं, पंख्याने समोरची गार हवा आत ओढायची असते! हा इंजिनची आग बाहेर ओकत होता. गाडी पळू लागली की समोरून वारा आत ढकलतोय आणि हा आतून बाहेर, दोघांची नुसती कुस्ती. गर्दीत समोरून वाराच नव्हता, म्हणून निभावलं. त्या हातमोजेवाल्या शहाण्याने दोन तारा उलट्या जोडल्या होत्या. दोनच तारा होत्या, त्याही उलट्या!

बदलल्या. ओढणी जाळीसमोर धरली, ती चटकन आत ओढली जाऊन जाळीला चिकटली. मग पाणी भरलं आणि पहिल्या गिअरमध्ये घाट चढले. काटा जागचा हलला नाही.

दिवेलागणीला देवळापाशी पोचले. भावजी पारावर बसून, हातात चहा घेऊन, वहिनींनी ट्रकची कशी वाट लावली ते गावाला सांगत होते. मी मागून हॉर्न दिला. ते दचकले, उठले, आणि लोकांना म्हणाले, की बघा, माझ्या पंख्याने आणलीच शेवटी.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांनी गावात पोचल्या पोचल्या ह्यांना फोन केला होता, ट्रक संपला, आता विकूया म्हणून. आणि हे हो म्हणाले. मला विचारलंही नाही. घाटात नाही लागलं तेवढं हे लागलं.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस. सध्या तीच एक सरळ हवा आहे.

तुझी,
मेघना

---

फणसवाडी, गिरगाव
२६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मेघना हिस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. विकासने डबा नेला, या वाक्यापाशी दर वेळी थांबावं लागलं. पळपुटे पुष्कळ पाहिले, पण वहिनीला घाटात सोडून तिची भाजी-भाकरी घेऊन पळणारा मी पाहिला नव्हता. राधालाही वाचून दाखवलं, म्हणजे उद्यापर्यंत चर्चगेटला कळेल.

राजेशरावांवर रागावू नकोस, असं मी लिहिणार नाही. खुशाल रागव. पण आधी विचार, मग रागव. घरात बसून राहिलेल्या माणसाला फोनवर जेवढं सांगतात तेवढंच जग दिसतं. हे मी कानांच्या अनुभवाने सांगते.

मी ट्रक विकायला सांगत आले, ते मागे घेत नाही. पण मला विचारून विकायचा, विकासला विचारून नव्हे.

बाप्पा तुझी गाडी आणि तुझी जीभ दोन्ही थंड ठेवो.

दुर्गामावशी

---

भोईवाडा, परळ
९ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस मेघनाचा सा. न. वि. वि.

विसर्जन झालं आणि परवाच भावजी गिऱ्हाईक घेऊन आले. शिवडीचा कुणी जुन्या गाड्यांचा दलाल. गॅलरीत खुर्च्या मांडल्या, भावजींनी स्वतः चहा सांगितला. आमच्या घरी, आमच्या दुधाचा. मग पंख्याचं आख्यान सुरू झालं. आपण कसं संशोधन केलं, कसा बसवला, घाटात त्याने कशी कमाल केली. मी दारात उभी राहून ऐकत होते. तारांचं सांगावं असं मनात आलं, पण इतक्या खोट्यात एक खरं घालून काय उपयोग?

मी तुझं ऐकलं नव्हतं, मावशी. ह्यांना काही विचारलं नव्हतं. गावाहून आल्यापासून जेवण वाढायचं आणि गप्प राहायचं, असं चाललं होतं.

दलालाने विचारलं, मालक कोण. भावजींनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. ह्यांनी चाचपून कप खाली ठेवला. मग म्हणाले, की नाव माझं आहे, पण स्टिअरिंगला मी चार वर्षांत हात लावलेला नाही. भाऊ फोनवर म्हणाला, ट्रक संपला, वहिनी घाटात एकटी आहे. मला ट्रकचं काही ऐकूच आलं नाही, एकटी आहे एवढंच ऐकू आलं. विकला तर ती परत कधी अशी अडकणार नाही, म्हणून हो म्हणालो. पण ती मला न विचारता घाट चढली, आणि मी तिला न विचारता गाडी विकायला निघालो. माझी होती ती गाडी लालबागच्या पुलाखाली बंद पडली. घाट चढली ती तिची आहे. विकायची की नाही, ते तिला विचारा.

भावजी म्हणाले, दादा, लोक काय म्हणतील. हे म्हणाले, तू आधी वहिनीचा डबा परत दे.

सगळी गॅलरी हसली. दलालसुद्धा. भावजी चहा टाकून निघून गेले. जाताना जिन्यात कुणी तरी पंख्याबद्दल विचारलं म्हणतात, तर उत्तर दिलं नाही.

मग हे उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, मेघना, चुकलं माझं. सगळ्यांसमोर. पण मी होते दारात, आणि हे बघत होते कठड्याकडे. तिकडे कुणीच नव्हतं. गॅलरीतलं हसणं थांबलं. कुणी ह्यांना सांगेना, की ती त्या बाजूला नाही.

मी पाय न वाजवता गेले, आणि हे जिकडे बघत होते तिथे जाऊन उभी राहिले.

बाकी क्षेम. तुझा लोभ माझ्या नावावर राहू दे, तो मी कुणाला विकणार नाही.

तुझी,
मेघना