हुतात्मा कोणाचा?

फरवानिया, कुवेत, डिसेंबर १९८३, शुक्रवार

आमच्या लॅबमधल्या पॅलेस्टिनी समीराचा धाकटा भाऊ लेबनॉनमध्ये मारला गेला. इस्रायलच्या गोळीने नव्हे, पॅलेस्टिन्यांच्याच दोन गटांच्या लढाईत. ड्यूटीवरून तशीच तिच्या घरी गेले, तर दोन्ही गटांचे इथले पुढारी हजर, कडक इस्त्रीच्या सुटांत! दोघांनीही त्याच्या फोटोची पोस्टर्स छापून आणलेली. एक म्हणे, "हा आमचा हुतात्मा." दुसरा म्हणे, "शेवटी तो आमच्याकडे आला होता."

मेलेल्या पोराची ओढाताण, तीही आईसमोर! आणि सुटावर एक सुरकुती नाही. ह्यांना पुढारी म्हणायचं?

आईने एवढंच विचारलं, "तुमची मुलं कुठे लढताहेत?"

तिने पोस्टर्स त्यांच्या हातात दिली आणि दार उघडून उभी राहिली. ते गेल्यावरच रडली.