छाती क्लिअर

३ नोव्हेंबर
दवाखान्यात आज सगळे खोकल्याचेच पेशंट. स्टेथो लावला, एकाच्याही छातीत घरघर नाही. पूर्वी दम्याच्या माणसाची छाती पेटीसारखी वाजायची. आता सगळ्या क्लिअर! माझ्या औषधाला गुण येतोय. फक्त लोक हल्ली फार पुटपुटतात. उद्यापासून दम द्यायचा.

८ नोव्हेंबर
सासरे खोकला घेऊन मुक्कामाला आलेत. बायको म्हणे, बाबांचा एक्स-रे काढा. म्हटलं, माझे कान हाच एक्स-रे. तपासलं. क्लिअर. सासरे म्हणे, जावईबापू, छातीतली शिट्टी मला आतून ऐकू येतेय हो. पेशंटने निदान करू नये. सिरप दिलं.
बायकोचा आवाज फार चढलाय. तिचं थायरॉइड बघायला हवं.

११ नोव्हेंबर
सासऱ्यांना ताप. छाती क्लिअरच. बायको म्हणे शेजारच्या खोलीतून कधीची हाका मारत होती. मारल्या असत्या तर ऐकू आल्या नसत्या? आता म्हणते, समोरच्या डॉक्टरणीला दाखवू. कालची पोर ती! तिला प्रत्येक छातीत काहीतरी ऐकू येतं. पेशंट पळवायचे धंदे.

१२ नोव्हेंबर, दुपार
सासरे हलेनात. स्टेथो लावला. पूर्ण शांतता. चष्मा काढला, हळू आवाजात सांगितलं, गेले. बायकोने हंबरडा फोडला. मेव्हण्याला कळवलं. दाखल्यावर घरच्याची सही बरी दिसत नाही म्हणून डॉक्टरणीला मीच बोलावलं. मोठं मन लागतं.
तिने मनगट धरलं आणि ओरडली, अहो, नाडी चालू आहे! न्यूमोनिया आहे, अँब्युलन्स बोलवा!
स्ट्रेचरवर सासऱ्यांनी डोळे उघडले, काहीतरी पुटपुटले. मेव्हण्याने ते मला दोनदा ओरडून सांगितलं: "जावईबापू, एवढी घाई होती का?"

१३ नोव्हेंबर
भेटायला गेलो. मेव्हणा दारातच आडवा. म्हणे, दाजी, तुम्ही तपासू नका, नुसतं लांबून बघा. अडाणी माणूस. हॉस्पिटलवाले म्हणतात, दोन्ही फुप्फुसं भरलीत, चार दिवस आधी आणायला हवं होतं. माझ्याकडे होते तोवर क्लिअर होती. इन्फेक्शन तिथलंच.

१५ नोव्हेंबर
सासरे गेले. म्हणजे निदान माझंच बरोबर होतं, जरा लवकर झालं एवढंच. मेव्हण्याला हे समजावून सांगितलं. त्याने गचांडी धरली. दुःखात माणूस काहीही करतो.

२० नोव्हेंबर
दवाखाना रिकामा. हवा सुधारली असावी.
बायकोने अबोला धरलाय. समोर येऊन उभी राहते, डोळे पुसते, नुसते ओठ हलवते.