पळसाचा पुतळा

चहाबाग, जिल्हा शिवसागर, आसाम
ता. ८ जानेवारी १९६१

तीर्थरूप फकिरादादास,
धाकटा भाऊ शालिकराम याचा शि. सा. न. वि. वि.

दादा, अक्षर ओळखलेस का? तिसरीपर्यंत शिकवलेस त्याची कमाई एवढीच, की चाळीस वर्षांनी का होईना, मी जिवंत आहे हे स्वतःच्या हाताने लिहितो आहे.

दुष्काळाच्या त्या वर्षी जंगलात सरकारी बंदी, आणि मालगुजाराने बेगारीला जुंपलेले. अशात आपल्या नात्यातला दुलीचंद चहाबागेसाठी मजूर गोळा करणारा सरदार बनून बाजारात आला, पायात बूट घालून. घरच्या माणसावर अविश्वास कसा दाखवायचा? पाने खुडायची, एक हंगाम काढायचा, दिवाळीला परत, असे म्हणाला. गोंदियाच्या मजूर-डेपोत मला सही येत असूनही करारावर अंगठा घेतला. माणसे नेल्याबद्दल त्याला इनाम होते हे इथे आल्यावर कळले. दोनदा पळालो, दोन्ही वेळा चौकीदारांनी स्टेशनावरून ओढून आणले. पत्रे बागेच्या ऑफिसातून पुढे गेलीच नाहीत. मग पळायचे वय गेले, आणि कोणत्या तोंडाने लिहावे असे झाले.

आता साहेब गेला, शेठ आला. पहाटेची घंटा तीच आहे. मला म्हातारा म्हणून कामावरून काढले. घरातले कोणी कामावर नसेल तर खोली रिकामी करावी लागते. दादा, घरी यावेसे वाटते. दुर्गा आहे का? तिच्या पोटात होते त्याचे काय झाले? जास्त विचारायची हिंमत नाही.

वहिनींना नमस्कार. अजून आपला म्हणत असशील तर दोन ओळी धाड.

शालिकराम


हट्टा, ता. २ फेब्रुवारी १९६१

ती. बाबांस,
प्रेमलालचा सा. न. वि. वि.

बाबा हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा लिहितो आहे. फकिराकाका आणि काकू दोघेही वारले, म्हणून पोस्टमनने पत्र माझ्या हातात दिले. पोटात होता तो मीच. गावच्या शाळेत मास्तर आहे. आपला भाग मध्य प्रदेशातच राहिल्यापासून शाळेत हिंदी शिकवतो. मराठी घरात आणि पत्रात उरली. मालगुजारी संपली, पण भरवेलीच्या खाणीवर माणसे न्यायला ठेकेदाराचे लोक आजही बाजारातच येतात.

आई आहे. पत्र ऐकून तिने एवढेच विचारले, की काहून नाही आले इतके दिवस.

आता जड गोष्ट लिहितो. बारा वर्षे वाट पाहिली. मग पंचांच्या सांगण्यावरून वैनगंगेच्या काठी तुमचा पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि मी अग्नी दिला. आईच्या बांगड्या त्याच दिवशी फुटल्या. जाळलेल्या माणसाला घरात घेता येत नाही, असे पंच म्हणतात. मात्र भटजींनी सोय काढली आहे. तुम्ही तुपाने न्हाऊन नवा जन्म घ्यायचा, बारसे करायचे आणि आईशी पुन्हा लग्न लावायचे. पंचांनी मान डोलावली आहे.

तुमची लग्नाला आलेली नात साधना थट्टेने आजोबांसाठी पाळणा शोधते आहे. आई तिच्यावर रागावली, पण काल चुलीपाशी एकटीच हसताना मी तिला पाहिले. तिला हसताना पाहिल्याचे मला दुसरे आठवत नाही.

लवकर निघा. आता उशीर करण्याइतके वय आपल्यापैकी कोणाचेच नाही.

आपला प्रेमलाल


चहाबाग, आसाम
ता. २० फेब्रुवारी १९६१

चि. प्रेमलाल यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवले. त्यांना मराठी येत नाही, तरी ऐकवले. पुतळा केलात म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मुलाच्या हातचा अग्नी मिळाला, इथे कित्येकांना तोही मिळत नाही. बारशाला माझे नाव काय ठेवणार, हे साधनाला विचार. बरेसे ठेव म्हणावे, आधीच्या नावाने काही चांगले केले नाही.

एक गोष्ट दादाला लिहिली नव्हती. इथे मी पुन्हा घर केले होते. ती बाई तापात गेली. आमची मुलगी शीला अठरा वर्षांची आहे. बागेत माझी बोली बोलणारे कोणी उरले नाही, म्हणून मी ती हिला शिकवली, लिहायलाही शिकवले. मी निघालो की ऑफिसवाले हिचे नाव कामावर लावतील, नाहीतर रस्त्यावर काढतील. माझे आयुष्य गेले, हिचे जाऊ नये एवढ्यासाठीच मी तुम्हाला लिहिले, हे खरे. हिला बरोबर आणू का? ओसरीवर झोपेल, धान लावायला मदत करेल. तुझ्या आईला तूच सांग, माझी छाती होत नाही.

तुझ्या शब्दाकडे डोळे लावून,
शालिकराम


हट्टा, ता. १२ मार्च १९६१

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पंचांकडे तीनदा जाऊन आलो. त्यांचे म्हणणे असे, की आजच जन्मलेल्याला अठरा वर्षांची मुलगी कुठून असणार? मागचे काही शिल्लक असेल तर नवा जन्म लागू होत नाही. एकटे यायचे, तिकडे कोणी नाही अशी शपथ घ्यायची, तरच विधी होईल. साधनाचे लग्न ठरते आहे, वाळीत पडलो तर ते मोडेल. शीलाची सोय तिकडे कोणाकडे तरी लावून तुम्ही निघावे, अशी विनंती आहे. आईला हे सांगितलेले नाही.

याहून बरे उत्तर माझ्यापाशी असते तर तेच धाडले असते.

प्रेमलाल


हट्टा, ता. ३ एप्रिल १९६१

साधनाच्या आजोबास,
दुर्गाचा नमस्कार. मी बोलून राह्यली, साधना लिहून राह्यली.

प्रेमलालनं मले काई सांगतलं नाई. साधनानं तुमचं पत्र वाचून दाखवलं. मले राग आला. दोन दिवस जेवली नाई. मंग वाटलं, मी चाळीस वरसं एकटी राह्यली तं तुमी बी तसंच राहावं असं कोन म्हन्ते? पोरीले घेऊन या. मले तुपाचं न्हानं नाई पाह्यजे अन् बारसं बी नाई. पंचाईले मी पाहून घेतो. ते वाळीत टाकतीन तं माह्या माहेरची झोपडी हाय, तिथं तिघं राहू.

काल बाजारात जाऊन हिरव्या बांगड्या भरल्या. बाया पाहत राह्यल्या. पाहू द्या. पळस फुलला हाय, आता पुतळ्याची आठवन नाई येत.

गाडीत जपून बसजा. वाट पाहतो.

दुर्गा


चहाबाग, आसाम
ता. ९ मे १९६१

पूज्य आई आणि दादा यांस शीलाचा नमस्कार.

माझी मराठी चुकेल, बाबांशीच बोलत होते मी ती. बाबांनी ट्रंक भरून ठेवली होती. दादाचे पत्र आले त्या दिवशी ती रिकामी केली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि माझे नाव कामावर लावून आले. मला म्हणाले, की ज्या पायांनी तुला बाहेर काढायचं होतं त्याच पायांनी आत घालून आलो. त्यानंतर ते थोडेच जेवत, खंगत गेले. चैत्र संपता संपता गेले. अग्नी मी दिला.

आईचे पत्र त्यांच्या तेराव्यानंतर पोचले. मी ते खोलीत मोठ्याने वाचले. दुसरे कोणी नव्हते, पण या बोलीतले काही ऐकल्याशिवाय मला झोप येत नाही.

आई, तुम्ही बोलावले त्याबद्दल पाया पडते. पण बाबांशिवाय मी तिथे कोणाची म्हणून येऊ? पंचांच्या हिशेबी माझा जन्म झालेला नाही. घंटा झाली की मी बायकांबरोबर टोपली घेऊन जाते. बाबा ज्या मळ्यात खुडत होते तिथेच मला लावले आहे.

एक मागणे आहे. बांगड्या काढू नका. त्यांच्यासाठी तुम्ही एकदा काढल्या आहेत.

मनात असेल तर कधी लिहा, मराठीत लिहा.

शीला


हट्टा, ता. २८ मे १९६१

चि. शीलास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आईला वाचून दाखवले. बांगड्यांची ओळ येण्याआधीच तिने बांगड्या उतरवल्या होत्या. हात साबणाने भिजवून एकेक सोडवली. या वेळी फोडल्या नाहीत. ती माझ्याशी बोलत नाही, साधनाकडून निरोप देते. तिने सांगितले आहे, की बांगड्या तुला पाठवायच्या. तू ये, असेही तिचे म्हणणे आहे. पंचांचे म्हणणे तुला माहीत आहे. माझे काय आहे ते लिहायला मी सकाळपासून बसलो आहे. साधनाचे लग्न जमले. पत्र इथेच अडते.

बांगड्या धानाच्या कोंड्यात घालून, डब्याला फडके शिवून पार्सल केले आहे. इतक्या लांब काच टिकणार नाही, असे पोस्टमास्तर म्हणाले. तरी पाठवतो. धड पोचल्या तर आईला कळव. फुटल्या तर मला कळव, तिला कळवू नकोस.

तुझा भाऊ म्हणवून घेण्याची लायकी नसलेला,
प्रेमलाल