ओपेलूससचं तिकीट

प्रिय कॉर्डेल,

माझी व्हर्नेल गेली. मार्चच्या अकरा तारखेला, सकाळी. हृदयाचं दुखणं तिला बरीच वर्षं होतं. शेवटचे आठ दिवस इस्पितळात होती. तुला कळवायला सात महिने लागले, कारण तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता. तिनं नाताळला तुझ्या आजीच्या, मॉमॉच्या, जुन्या घरी पाठवलेली कार्डं दोन वर्षं परत आली. त्यानंतरही ती दर डिसेंबरला एक कार्ड लिहायची, फक्त पोस्टात टाकायची नाही. ती सगळी माझ्याकडे आहेत. मी उघडलेली नाहीत.

तुला एक गोष्ट सांगायची सोळा वर्षं राहून गेली आहे. ती मी या पत्रात सांगणार आहे. मला पत्रं लिहायची सवय नाही, म्हणून थोडं फिरून यावं लागेल.

मी विद्यापीठात अजून तेच काम करतो. वर्गाच्या दारात उभं राहायचं, पहिली पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं, आणि आपली फुटबॉलची मुलं आली की नाही ते कागदावर टिपायचं. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी हे धरलं, तेव्हा दोनेक वर्षं करीन असं वाटलं होतं. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. मला काढायचं बहुधा कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

काम मात्र उरलेलं नाही. मुलांचे निम्म्याहून जास्त वर्ग संगणकावर होतात. जी येतात त्यातली बरीचशी पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात असतात, खेळाडूंना आता उघड पैसे मिळतात, ते जिथे जास्त तिथे, आणि इथे पास झालेले विषय तिथे धरले जात नाहीत. आमच्याकडे एक तेवीस वर्षांचा मुलगा आहे. हे त्याचं चौथं विद्यापीठ. विषय मोजले तर तो अजून दुसऱ्या वर्षात आहे. मी त्याला विचारलं की पदवी कशात घेतोयस. म्हणाला, "मिस्टर आल्टन, एजंटला विचारून सांगतो." तो चेष्टा करत नव्हता. पोरगा चांगला आहे, दार धरून उभा राहतो, आईला घर घेऊन दिलंय त्यानं.

मी त्यांना नावं ठेवत नाही. तुमच्या वेळी शनिवारी ऐंशी हजार माणसं तिकीट काढून तुम्हाला बघायला यायची आणि रविवारी संध्याकाळी भोजनगृह बंद असलं की तुमच्या खिशात बर्गरचे पैसे नसायचे. म्हणून व्हर्नेलनं रविवारची जेवणं सुरू केली. कर्मचाऱ्यानं खेळाडूला कधीमधी जेवायला घालायला परवानगी होती, पण त्याचा फॉर्म भरावा लागायचा. मी तो दर वेळी भरायचो. टेबलावर तळलेला मासा, मक्याचा पाव, पालेभाजी, आणि मी कोपऱ्यात फॉर्म घेऊन. ती तुम्हाला म्हणायची, "पोरांनो, दुसऱ्यांदा भाजी घेताना आल्टनला सांगा, त्याला ते लिहावं लागतं." तू सगळ्यात मोठ्यांदा हसायचास. बाकीची मुलं जेवून जायची. तू ताटं पुसायला थांबायचास आणि मॉमॉच्या गोष्टी सांगायचास. आम्हाला मूल नव्हतं हे तुला माहीत आहे. पुढचं मी लिहीत नाही.

तुझा पत्ता असा मिळाला. ऑगस्टमध्ये फुटबॉल संघाच्या भरतीच्या लोकांनी ज्या मुलांना आणायचंय त्यांची यादी आमच्या कचेरीत पाठवली, त्यांचे शाळेतले गुण तपासायला. त्यात लुईझियानातला, तुझ्या ओपेलूससचा एक मुलगा होता, ट्रेमेन, आणि खाली लिहिलं होतं, शाळेचा प्रशिक्षक: कॉर्डेल गिड्री. मी तो कागद दिवसभर टेबलावर ठेवला. घरी जाऊन व्हर्नेलला हाक मारावीशी वाटली. स्वयंपाकघरापर्यंत गेलोही.

गेल्या महिन्यात ट्रेमेन आजीला घेऊन विद्यापीठ बघायला आला. तू पाठवलेला म्हणून मी त्या बैठकीत बसायची परवानगी मागून घेतली. पूर्वी अशा बैठकीत घरचे विचारायचे की जेवण कसं आहे, चर्च जवळ आहे का, मुलगा पदवी घेईल ना. या वेळी पहिला अर्धा तास पैशांचंच बोलणं झालं. पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती, आणि मध्ये सोडून गेला तर किती परत. ट्रेमेन पायांकडे बघत होता. मग आजीनं विचारलं, "आणि हा पास नाही झाला तर?" भरतीचा माणूस म्हणाला, "आजी, त्याची काळजी आम्ही घेतो." ती म्हणाली, "काळजीचं नाही विचारलं मी. पास व्हायचं विचारलं." मुलगा तुझ्या हाताखालचा आहे म्हणून सांगतो, तिला उत्तर मिळालं नाही. सही करण्याआधी ते तू लेखी माग.

बाहेर पडताना ती मला म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. तिकीट आमच्याच भरतीच्या लोकांनी पाठवलं, खिडकीजवळचं. फार खूश होती बिचारी. मी तिला गाडीपर्यंत सोडलं.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात तुझी मॉमॉ आजारी पडली तेव्हा तुला जायला बसचे पैसे नव्हते, आणि ते मागायचे कुणाकडे हे तुला माहीत नव्हतं. व्हर्नेलनं तुला ओपेलूससचं जायचं-यायचं तिकीट काढून दिलं. एकशे अठरा डॉलर. तू दोन दिवस मॉमॉच्या उशाशी बसलास आणि तिनं तुला ओळखलं. हे तू परत आल्यावर आमच्या टेबलाशी सांगितलंस. व्हर्नेलनं ते ऐकताना तुझा हात धरून ठेवला होता.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. खेळाडूंनी कुणाकडून काही घेऊ नये हे बघणाऱ्या विद्यापीठाच्या नियमवाल्यांनी तुला बोलावलं. कर्मचाऱ्याच्या बायकोकडून खेळाडूनं तिकीट घेतलं, म्हणजे फायदा घेतला. एकशे अठरा डॉलर एखाद्या धर्मादाय संस्थेला दे आणि तीन सामने बाहेर बस. ते पैसे तू गाड्या धुऊन जमवलेस. तीन सामन्यांत तुझी जागा पहिल्या वर्षाच्या मुलाला मिळाली आणि ती त्याचीच झाली. वसंतात प्रशिक्षकांनी तुझी शिष्यवृत्ती पुढे चालू केली नाही. तेव्हा ती एकेका वर्षाची असायची. पदवीला दोन सत्रं उरली होती.

नियमवाल्यांना कळलं कसं, हे सगळे चर्चमध्ये बोलत होते. व्हर्नेलनं बुधवारच्या सहभोजनात मॉमॉसाठी प्रार्थना करा म्हणून सांगितलं होतं, आणि प्रशिक्षकांची सेक्रेटरी त्याच चर्चमध्ये यायची, म्हणजे तिथूनच गेलं असं सगळ्यांनी धरलं. तू आमच्याकडे आलास, पण आत आला नाहीस. पायरीवर उभा राहून विचारलंस, "मिस व्हर्नेल, तुम्ही कुणाला बोललात का?" मी जाळीच्या दाराआड होतो. तिनं आधी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग तुला म्हणाली, "बोलले रे राजा. माझ्या तोंडाला कुलूप नाही." तू "यस मॅम" म्हणालास आणि गेलास. पुन्हा आमच्याकडे जेवायला आला नाहीस.

त्यानंतर ती हसतखेळत राहिली. नवी मुलं आली, रविवारची जेवणं चालू राहिली. पण शनिवारी संध्याकाळी ती लुईझियानातल्या शाळांच्या फुटबॉल सामन्यांचे निकाल शोधून वाचायची, तिथल्या एकाही शाळेशी आमचा संबंध नसताना. कुणी विचारलं तर म्हणायची, सहज. इस्पितळात तिनं मला दोनदा विचारलं की दाराशी कोण आहे. पहिल्यांदा नर्स होती. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं, पण मी सांगितलं नाही.

आता सांगतो. नियमवाल्यांकडे मी गेलो होतो. तिकिटाचं व्हर्नेलनं मला स्वतः, आनंदानं सांगितलं होतं, आणि मी सोमवारी सकाळी जाऊन ते कळवून आलो. दर ऑगस्टला आम्ही सही करायचो की काही नियमाबाहेर दिसलं तर लगेच कळवू. मी सही केली होती. मला वाटलं, पैसे परत करायला सांगतील आणि मिटेल. माझा हिशोब चुकला. तू पायरीवर येऊन गेलास त्या रात्री मी व्हर्नेलला म्हणालो की उद्या मी त्याला खरं सांगतो. ती म्हणाली, "नको. तो रोज सकाळी वर्गात येतो ते दारात तू असतोस म्हणून. तुझ्यावरनं त्याचं मन उडालं तर वर्गही सुटेल. माझ्याकडे नाही जेवला तरी चालेल." आणि मी ते ऐकलं. त्या हिवाळ्यात तू एकही वर्ग चुकवला नाहीस. रोज मला "गुड मॉर्निंग, मिस्टर आल्टन" म्हणायचास आणि मी तुझ्या नावापुढे खूण करायचो. तू गेल्यावर तरी तुला खरं कळवू असं मी कधी म्हणालो नाही, आणि तिनंही कधी विषय काढला नाही. तिला तुझी किती आठवण यायची ते मी रोज बघत होतो, आणि गप्प होतो. माफी मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. मागायची ती तिच्याकडे होती आणि ती वेळ गेली. तू तिच्याबद्दल सोळा वर्षं जे मनात धरलं असशील, ते तिचं नव्हे, एवढंच तुला माहीत असावं. ते माझं आहे. ते माझ्याकडे पाठव.

तुझाच,
आल्टन टिस्डेल