बांधावरचं झाड

ऊद मेथा, दुबई
३ ऑक्टोबर २०२५

धनूदादा,

नमस्कार. वहिनीला विचारलंय म्हणून सांग, छकुलीचा पापा घे. मी बरी आहे. आत्यापण बरी. इकडे अजून उकडतंच आहे. आत्याच्या अर्शला शाळेतून आणते, भात कालवून देते, तर तो 'नॉट हंग्री, ताई' म्हणून पळतो.

फोनवर मला बोलता येत नाही, तुला माहितेय. तू 'हां, बोल पटकन' म्हणालास की सगळं पोटातच राहतं. शेजारचे नागेशकाका सुट्टीवर गावी निघालेत, त्यांच्याकडे हे देते. नववीनंतर एवढं मोठं काही लिहिलं नाही, चुका काढू नकोस.

मागे आत्याबरोबर रास अल खोरच्या फळबाजारात गेले होते. तिथं सीताफळाच्या पेट्या, वर तुझं नाव छापलेलं! आत्या नाचायचीच बाकी होती. "पस्तीस दिरहम, म्हणजे आठशेच्या वर गं! असू दे, घे, माहेर आहे ते." घरी आणून तांदळात ठेवली. पिकलीच नाहीत. दगडासारखी राहिली आणि काळी पडली. शेवटी मामा म्हणाले, "यल्ला, फेका आता तुमचं माहेर."

फळाचे डोळे उघडायच्या आधीच, कच्चीच तोडलीस ना? अण्णा हातावर मारायचे त्यासाठी.

पणजोबांनी त्या मुरमात पहारीनं खड्डे घेतले, पणजीनं ओढ्यातून हंडे वाहून झाडं जगवली. आजोबांनी विहीर पाडली. अण्णांनी माळापर्यंत बाग नेली. तू पेट्या परदेशात पाठवल्यास. आणि सगळ्यांच्या वेळी रीत एकच. घरात मूल जन्मलं की एक झाड. पोराचं विहिरीजवळ, पोरीचं बांधावर. पाटाचं पाणी बांधापर्यंत पोचलं तर पोचलं. तरी माझ्या झाडाला फळं यायची. लहान, पण गोड. तूच चोरून खायचास.

नववीत सहामाहीच्या वेळी तू म्हणालास, "सीझन आहे, फळं निवडायला माणूस नाही. एक परीक्षा बुडाली तर काय होतंय?" एकच नाही बुडाली, दादा. मग आत्याला पोर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी मानच हलवली असती, ते पण खरं.

आता जमिनीच्या हक्कसोडीचा कागद आलाय. तेवीस तारखेला मला अठरा पूर्ण, की पुढच्याच आठवड्यात सहीसाठी कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट. वाढदिवसाला फोन विसरतोस, हे बरं लक्षात राहिलं. आत्या म्हणते, "कर सही, खलास. मी नाही केली? भावाचं दार उघडं राहतं बाई. माझं झाडपण ठेवलंय त्यांनी. फळं लागली की धनू सांगतो मला दरवर्षी."

वहिनीनं नव्या पॅकिंग शेडचा फोटो पाठवला होता. छकुलीला कडेवर घेऊन उभी आहे. मी तो मोठा करून करून बघितला. शेड बांधावर आहे. आत्याचं झाड नाही. माझंपण नाही. त्याच दिवशी मी तुला फोन केला होता, आठवतं? विचारलं, "माझं झाड कसंय?" तू म्हणालास, "झकास! यंदा नुसतं लगडलंय."

मी 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला.

फोटो आत्याला दाखवला नाही. पण सही का नाही, ते तिला सांगावं लागेल, आणि मग तिच्या तोंडाकडे मला बघवणार नाही. हे तू माझ्यावर टाकलंस.

कागद याच्यासोबत परत पाठवतेय. सहीची जागा कोरीच आहे. तू फोन करशील, ओरडशील, वहिनीला रडायला लावशील. मी गप्प बसेन, नेहमीसारखी. पण गप्प बसले म्हणजे हो म्हणाले, असं आता धरू नकोस.

छकुलीचं झाड कुठे लावलंस? बांध तर राहिला नाही.

तुझी बहीण,
रंजिता महादू झेंडे
(सातबाऱ्यावर आहे तसंच पूर्ण लिहिलंय.)