रिकाम्या मुशीचं वजन

४ फेब्रुवारी

प्रयोगशाळेतल्या नोकरीचा पहिला दिवस! भट्टीच्या खोलीची किल्ली आजपासून माझ्याकडे. काम अगदी सुबक. सिमेंटची चिमूटभर पूड नखाएवढ्या मुशीत घालायची, मिनिटाला दहा अंशांनी तापवायची आणि वजन कसं उतरतं ते पडद्यावर बघायचं. शंभरापाशी ओलावा जातो. साडेचारशेपाशी वजन धपकन उतरलं, तर चुना शिल्लक आहे. म्हणजे सिमेंटात मिसळलेल्या झिओलाइट नावाच्या खनिजानं चुना शोषून घ्यायचं आपलं काम केलेलंच नाही, काँक्रीट कच्चं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बजावलं, रोज सकाळी आधी रिकामी मूस तापवायची, वजनाची रेघ सपाट आली की मगच पुढचं. ताईला फोन केला. शाळेत वजनकाटा पाडला होतास त्याची शिक्षा आहे ही, म्हणाली.

९ फेब्रुवारी

एक मिस्त्री स्वतः नमुना घेऊन आले. नव्या इमारतीच्या पुढच्या जिन्याचा, कागदाच्या पुडीत जपून बांधलेला. नंबर सतरा. मालकांना घाई आहे, पण मिश्रणाचं मला काही खरं वाटत नाही, तुम्ही सांगाल तेव्हाच खालचे टेकू काढतो, असं म्हणाले. जाताना हात जोडले. मी उगाच मोठा झाल्यासारखा मान हलवली.

११ फेब्रुवारी

सतरा नंबर दळून, मोजून झाला आणि मला शिंक आली. सगळी पूड उडाली, निम्मी नाकातोंडात. पुन्हा नमुना मागवायचा तर मॅडमना सांगावं लागणार, आणि या आठवड्यातला हा माझा तिसरा घोळ. सोळा नंबरची पूड उरली होती. तीच तापवली, वर सतरा लिहिलं, सही केली. रेघ सुरेख आली.

१४ फेब्रुवारी

टेकू काढताना जिना बसला. मिस्त्री खाली होते. गेले.

मिश्रण चांगलं होतं असं माझा अहवाल सांगतो, म्हणून सगळे म्हणतायत, चूक मिस्त्रींचीच. मागचा जिनाही त्याच मिश्रणाचा. अठरा तारखेला माणसं त्याच जिन्यानं राहायला येणार. मॅडमच्या टेबलापाशी दोनदा सांगायला गेलो आणि दोनदा पेन मागून परत आलो. माझी मलाच किळस येते.

१५ फेब्रुवारी

सकाळी रिकामी मूस तापवली. साडेचारशेला रेघ धपकन खाली.

मूस बदलली. तेच. मॅडमनी येऊन तापवली, तर रेघ सपाट. थोडा आराम कर, म्हणाल्या. मी पुन्हा पेनच मागितलं.

१६ फेब्रुवारी

घशात खरखर. खाकरलो तर रुमालावर राखाडी पूड. रिकाम्या मुशीचं वजन वीस मिलिग्रॅम जास्त भरतंय. सतरा नंबरची मी तेवढीच मोजून घेतली होती. अगदी तेवढीच—

१७ फेब्रुवारी

मशीन बंद आहे. वायर काढून ठेवली. तरी पडद्यावर तापमानाचा आकडा चढतोय, मिनिटाला दहा—

शंभर. तोंडात थुंकी नाही. ओठ तडकले.

दोनशे. शेजारच्या खोलीत मॅडम फोनवर हसतायत. त्यांना काहीच जाणवत नाही का—

तीनशे. हाक मारतोय, आवाज फुटत नाही. लिहितो. मागच्या जिन्यावर उद्या कुणालाही चढू देऊ नका. आधी तपासा.

चारशे. मिस्त्रींची चूक नव्हती. ते माझ्यासाठी थांबले होते—

चारशे चाळीस. मॅडम, सतरा नंबरचा नमुना मी कधी तापवलाच